आधी आचारी, मग फौज

इराकमधल्या परकीय फौजांनी परत जावं की नाही, या प्रश्नावर भारतातल्या एका वैधानिक सभेने दोनदा चर्चा केली, दोनदा मत घेतलं आणि दोन्ही वेळा स्पष्ट निर्णय दिला. इतिहासाने याची नोंद घ्यायला हवी. नोंद आहे, ती माझ्याच अक्षरात आहे. ही सभा सडक अर्जुनी तालुक्यात, महामार्गापासून आठ किलोमीटर आत, शाळेच्या व्हरांड्यात भरली होती आणि इराकच्या आधीचा विषय बंद पडलेल्या हातपंपाचा होता.

मी त्या गावचा ग्रामसेवक. तिकडे ग्रामसेवकाला ‘सचिव’ म्हणतात. शब्द ऐकून आपण मंत्रालयात बसलो आहोत असं वाटायला लागतं, तेवढ्यात कार्यालयाच्या छपरातून एखादा विंचू टेबलावर पडतो.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मी तिथे रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी बाहेर डफडं वाजलं आणि पाठोपाठ दवंडी सुरू झाली. आवाज असा की तलावावरचे बगळे उठून दुसऱ्या काठाला गेले.

“आयका हो आयकाऽऽ! उद्या सकारी दहा वाजता शाळेत पोलिओचा डोस हाये होऽऽ! पाच वर्साच्या खालचे लेकरं घेऊन या होऽऽ! अना अमेरिकेनं इराकमधून आपली फौज काहाडावी होऽऽ!”

मी पेन टाकून बाहेर धावलो. रस्त्यावर कुणाच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता. समोरच्या अंगणात एक बाई मोहफुलं वाळत घालत होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं, “किती वाजता म्हनलं जी?”

“दहा,” दवंडीवाला म्हणाला.

फौजेबद्दल तिला काही शंका नव्हती.

हे दसाराम शहारे, गावचे कोतवाल. पंचावन्नच्या पुढचे, काटकुळे. अंगात खाकी शर्ट, खिशाला पेन. सोबत एक सायकल कायम असे आणि ती ते कायम हातात धरून चालवत नेत. गळ्यात डफडं असलं की सायकलवर बसता येत नाही, आणि डफडं नसलं की कुठे जायची घाई नसते, असा त्यांचा हिशेब होता.

मी त्यांना कार्यालयात बोलावलं. आवाजात जमेल तेवढा सचिव आणून विचारलं, “दसारामजी, ती शेवटची ओळ कोणाच्या आदेशाने?”

“कोनाच्याच नाही सायेब.”

“मग?”

“डोसाची ओळ तुमची. शेवटची आपली. डफडं आपलंच हाये ना.”

मी जडसंग्रह नोंदवही काढून पाहिली. कपाटं, खुर्च्या, सतरंज्या, एक मोडका ध्वनिक्षेपक, सगळं होतं. डफडं नव्हतं. ते खरंच त्यांचं होतं.

शिवाय कोतवाल हा तलाठ्याचा माणूस. माझी दवंडी ते देत ते केवळ मेहेरबानी म्हणून. तलाठ्याकडे विषय काढला तर तो म्हणाला, “तो सारावसुलीची दवंडी कधी चुकवत नाही. अमेरिकेचं नुकसान होत असेल तर अमेरिका बघेल.” मी प्रकरण मिटवलं. पुढे मला त्या शेवटच्या ओळीची इतकी सवय झाली की ती नसती तर दवंडी अपुरी वाटली असती.

दसारामजींचं वाचन दांडगं होतं, पण अरुंद. बुद्धविहारातल्या वाचनालयात आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र येई. ते पहिलं पान उलटत, राजकारण, खून, क्रिकेट ओलांडत आणि थेट विदेशाच्या पानावर थांबत. तिथेही फक्त एकच देश वाचत. जगात दोनशेच्या आसपास देश आहेत. दसारामजींच्या जगात तीन होते, भारत, अमेरिका आणि इराक. मी एकदा सहज अफगाणिस्तान काढला. तिथेही परकीय फौज होतीच, प्रश्नही तोच होता. त्यांनी हात झटकून टाकला. “ते तिकडचं हाये सायेब.” जणू इराक तलावाच्या अलीकडे होता.

त्यांचं एक वाक्य होतं. दवंडी संपवून डफडं पाठीला टाकताना ते म्हणत, “सांगनं आपलं काम.” ऐकणं कोणाचं काम, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

खरी लढाई बसथांब्यावरच्या टेकचंद पटलेच्या टपरीत होई. टेकचंदकडे टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर हिंदी बातम्या चालत, त्यामुळे त्याची बाजू नेहमी मोठ्या आवाजाची असे. दसारामजी आले की टेबलावर इराक मांडत. चहाचा रिकामा ग्लास म्हणजे बगदाद, बिस्किटांचा पुडा म्हणजे बसरा, आणि फुटाणे म्हणजे फौज.

“देखो कोतवाल,” टेकचंद गाळणी झटकत म्हणे, “फौज निघाली का तिथं मारकाट सुरू. एक दिन नहीं टिकेगा वो देश.”

“टेकचंदभाऊ, समजा तुमच्या बांधीत माहे बैल घुसले. धान तुडवलं. अना मी बांधावर उभा राहून तुमाले म्हनतो, आता बैल काहाडले तं उरलेलं धानही आडवं होईन, म्हनून बैल इथंच राहू द्या. तुमी आयकसान?”

“तुले बैलासहित कोंडवाड्यात टाकीन.”

“मंग!” दसारामजी टपरीकडे वळून बघत. निकाल लागल्यासारखे.

पण टेकचंद काही साधा माणूस नव्हता. “रुक जाव. तुडवलं कोनं? तुह्या बैलानं. मंग तुडवून निघून जासीन घरी? कास्तकारानं आता काय करावं? आधी चिखल कर, धानाचे पऱ्हे आन, रोवून दे, मंग जाय ना तुले जाचं तिकडं!”

“ज्या बैलानं धान तुडवलं, तोच रोवणा करन म्हनता?”

बाकावरच्या चारपाच जणांनी आपापल्या धानाचा आणि आपापल्या बैलांचा विचार करून पाहिला.

त्या काळात मी रविवारी महामार्गावर जाऊन इंग्रजी वर्तमानपत्र आणत असे. त्यात निवृत्त राजदूत आणि निवृत्त सेनापती याच प्रश्नावर लांबलचक लेख लिहीत. फौज राहिली तर चिघळेल, गेली तर पेटेल; ज्याने मोडलं त्यानेच जोडावं, की ज्याने मोडलं त्याच्या हाती पुन्हा काही देऊच नये. वाद अगदी टपरीवरचाच होता. फक्त त्यांच्याकडे धानाची बांधी नव्हती, म्हणून लेख अर्धं पान खात.

एकदा वाद ऐन रंगात असताना ट्रकवाले चहाला उतरले. टेकचंदला ग्लास कमी पडले. त्याने हात लांबवून बगदाद उचलला आणि बादलीत बुचकळला.

“पाहा सायेब,” दसारामजी मला म्हणाले, “कोनाले इचारलं त्यानं?”

आता ग्रामसभेकडे येतो. ग्रामसभेला ठरावीक संख्येने माणसं हजर असावी लागतात, नाहीतर सभा तहकूब. आजूबाजूच्या गावांत तहकुबी ही परंपरा होती. आमच्याकडे मात्र व्हरांडा भरून लोक पायऱ्यांवर बसत, आणि याचं श्रेय दवंडीला होतं.

“पंधरा ऑगस्टले ग्रामसभा हाये होऽऽ! घरकुलाची यादी, हातपंपाची दुरुस्ती, अना इराक होऽऽ!”

तीन किलोमीटरवरच्या जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, गोंड मंडळीही येत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला गंभीरपणे विचारलं होतं, “सचिव, इराक कोनच्या वार्डात येते जी?” मी त्यांना आपल्या हद्दीबाहेर येतो असं सांगितलं. “मंग तिथला रस्ता तरी होईन,” ते म्हणाले.

सरपंच होत्या इंदूबाई. शिक्षण सातवी, पण सभा चालवण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. विषयपत्रिका बघून त्या म्हणाल्या, “सचिव, इराक शेवटी ठेवा. पयले ठेवसान तं लोकं इराक आयकून उठून जातीन, अना हातपंप आपल्या दोघाच्या गळ्यात राहीन.”

इराक शेवटी गेला. हातपंप मंजूर झाला.

दोन हजार नऊचा तो पावसाळा होता. इराकच्या शहरांमधून फौज बाहेर पडली अशी बातमी आली होती आणि दसारामजींना जमिनीवर पाय ठेवणं कठीण झालं होतं. त्या दिवशी त्यांनी कसलीही सरकारी सूचना नसताना दवंडी दिली. “शहरातून निघाली होऽऽ! आता खेड्यातून निघाची बाकी हाये होऽऽ!” रोवण्यावरून परतणाऱ्या बाया चिखलाच्या पायांनी थांबून बघत राहिल्या. एकीने विचारलं, “तुमचा इराक निघाला वाटते कोतवाल?” ते म्हणाले, “निघन बाई, निघन!” आणि सायकल चक्क टांग मारून चालवत गेले. डफडं पोटावर होतं. वळणावर ते पडले, तरी हसत उठले.

पंधरा ऑगस्टच्या सभेत ठराव क्रमांक नऊ आला. सूचक दसाराम शहारे, कोतवाल म्हणून नव्हे तर मतदार म्हणून. मी लिहिलं: ‘इराक या देशातून परकीय फौजांनी विनाविलंब निघून जावे, अशी ही ग्रामसभा शिफारस करीत आहे.’ ‘विनाविलंब’ हा शब्द दसारामजींनी स्वतः निवडला होता. एका शासकीय परिपत्रकात त्यांनी तो वाचला होता आणि त्याच्यावर त्यांचा फार विश्वास होता. मी पंधरा वर्षं परिपत्रकं वाचत होतो. तरी मी तो शब्द तसाच ठेवला.

हात वर झाले. एकट्या टेकचंदने खाली ठेवला. “माझा विरोध लिहा सचिव. आधी रोवणा.”

मी लिहिलं, ‘श्री. टेकचंद पटले यांनी रोवणीचा मुद्दा उपस्थित केला.’ नियमाप्रमाणे ठरावाची प्रत वरच्या कार्यालयाकडे रवाना झाली.

दसारामजींच्या आणखी दोन सवयी सांगायच्या राहिल्या.

पहिली म्हणजे पंचायतीची भांडी. लग्नाकार्यासाठी पंचायतीने भांड्यांचा एक संच ठेवला होता, मोठाले गंज, पराती, झारे. तो सांभाळणं हे कोतवालाचं काम नव्हतं, पण करत तेच. पंगती उठत, वऱ्हाड निघे, यजमान पाहुण्यांना पोचवायला जात, आणि मांडवामागे राखेच्या ढिगाशी बाया गंज घासत बसलेल्या असत. दसारामजी शेजारी सायकल लावून उभे. शेवटचा गंज धुऊन पालथा पडेपर्यंत ते हलत नसत. मग बायांना त्यांच्या त्यांच्या दारापर्यंत पोचवून घरी जात. मी एकदा म्हणालो, “भांडी सकाळी मोजता येतील की.” ते म्हणाले, “भांडे कायले मोजाचे सायेब? भांडे कुठं जातेत? घासनाऱ्याच्या मागं निघाचं असते.”

दुसरी सवय शुक्रवारची. गावात मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येई. दर शुक्रवारी चारच्या सुमारास दसारामजी पाळीवर चढत आणि एका चिंचेखाली बसत. त्यांचा मुलगा प्रदीप कुवेतला हॉटेलात होता. बायको तो लहान असतानाच गेलेली. प्रदीपला वाढवला, शिकवला, स्वयंपाक करून घातला तो दसारामजींनी. मुंबईच्या कुठल्याशा एजंटामार्फत तो गेला होता. गावात कोणी चौकशी केली तर ते म्हणत, “मजेत हाये. कुवेत लय साफ हाये म्हनते.” आणि लगेच इराकवर येत.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात असं मला कधी वाटलं नाही. मी स्वतःला बऱ्यापैकी चौकस समजत असे.

जानेवारीतल्या एका दुपारी दसारामजी कार्यालयात आले. डफडं नव्हतं. समोरच्या खुर्चीवर बसले. एरवी ते बसत नसत.

“सायेब, ठराव बदलवता येते का?”

“कोणता?”

“नऊ नंबरचा.”

“का? काय झालं?”

“‘विनाविलंब’ खोडा.”

मला हसू आलं. “टेकचंदचं पटलं म्हणा शेवटी.”

“टेकचंदले सांगू नका,” ते घाईने म्हणाले. “अना त्याचं नाही पटलं. फौजेनं जावंच. पन असं लिहा...” त्यांनी खिशातून कागद काढला. आपल्या गोल अक्षरात लिहून आणलं होतं. “‘आधी आचारी, धोबी, भांडे घासनारे अना झाडू मारनारे यायले त्यायच्या त्यायच्या घरी सुखरूप पोचवून द्यावं. मंग फौजेनं जावं.’”

“दसारामजी, ही काय लग्नाची पंगत आहे?”

ते हसले नाहीत. “फौज विमानानं जाते सायेब. येक दिवस सकारी कॅम्प बंद. भांडे घासनारे तिथंच. ठेकेदार म्हनते गाडी येईन. गाडी येत नाही. पासपोर्ट ठेकेदारापाशी. बाजूच्या कॅम्पातले पोट्टे वीस दिवस झाले, तंबूत बसून हायेत. कोनी मालकच नाही त्यायचा.”

“हे पेपरात आलं?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं...”

मी वाक्य तिथेच सोडलं. बाहेर कोणी तरी हातपंप मारत होतं. मंजूर झालेला, दुरुस्त झालेला हातपंप. मला शुक्रवार आठवला. चिंच आठवली. तीन देशांचं जग आठवलं.

“प्रदीप कुवेतला आहे ना?” मी विचारलं.

“तिकीट कुवेतचं होतं.”

मी उठून दार ओढून घेतलं.

“पासपोर्टवर शिक्का रायते सायेब,” ते हळू म्हणाले. इतका हळू त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “इराकले जाऊ नये असा. पोट्ट्याले तरी कुठं माहीत होतं? तिथं गेल्यावर गाडीत बसवलं, सकारी पायते तं इराक. अना मी सरकारी मानूस. गावात येकाले म्हनलं, तं उद्या टपरीवर, परवा ठाण्यात. काय सांगू अना कोनाले सांगू?” त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं. “सोळा वर्सं झाले, दवंडी देऊन राहिलो. कोनाची गाय हरपली, सांगतो. कोनाची म्हातारी गेली, सांगतो...”

त्यांनी पेन परत खिशाला लावलं.

“काय करतो तो तिथे?”

“गंज घासते.” त्यांची मान किंचित वर झाली. “आपल्या पंचायतीच्या गंजाहून मोठे हायेत म्हनते. मानूस आत उतरून घासते.”

मी कागद घेतला आणि दुरुस्ती विषयपत्रिकेवर शेवटी लिहिली. ‘यायले’चं ‘यांना’ केलं. बाकी काही बदललं नाही.

सव्वीस जानेवारीच्या सभेला इतकी गर्दी मी पुन्हा पाहिली नाही. कोतवालाने बाजू बदलली अशी बातमी टेकचंदने महामार्गापर्यंत पोचवली होती. हातपंपाऐवजी या वेळी नालीचा विषय होता. तो लोकांनी दोन मिनिटांत उरकला. मग टेकचंद उभा राहिला.

“सरपंचबाई, मले येकच इचाराचं हाये. पंधरा ऑगस्टले कोतवाल म्हने, आजच निघा, विनाविलंब! आता म्हनते, आधी आचारी. काऊन कोतवाल? अमेरिकेनं तुले आचारी ठेवला का?”

व्हरांडा हसून पडला. पायऱ्यांवरून कोणी तरी ओरडलं, “दसारामजी, भाजीत मीठ कमी टाका, गोरे लोकं हायेत!” पुन्हा हशा.

दसारामजी उभे होते. ज्यांच्या आवाजाने बगळे उठत, त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. खरं कारण ते सांगू शकत नव्हते आणि खोटं त्यांना जमत नव्हतं. निदान भर सभेत तरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्यवृत्तात डोकं घातलं. सचिवाला सभेत मत नसतं. त्या दिवसाइतकी त्याची मला लाज कधी वाटली नाही.

इंदूबाईंनी टेबलावर हात आपटला.

“टेकचंदभाऊ, तुमच्या पोरीचं लगन झालं मागच्या साली. भांडे कोनं घासले?”

“बायायनं.”

“तुमी कुठं होते तवा?”

“मी... पावन्यायले पोचवाले गेल्तो.”

“अना बायायले घरी कोनं पोचवलं?”

मागे भिंतीशी बसलेल्या बाया एकदम ओरडल्या, “कोतवालानं!”

“मंग त्याले हासता कायले?” इंदूबाई म्हणाल्या. “जेवनारे आधी उठून जातेत, घासनारा मागं राहते. आपल्या घरी तेच, इराकमधीही तेच. निदान कागदावर तरी येकदा उलटं लिहू द्या. हात वर करा.”

बायांचे हात आधी वर गेले. सगळे, काहींचे दोन दोन. मग टोल्यावरचा म्हातारा. मग पायऱ्या. शेवटी टेकचंदनेही हात वर केला, आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे करून म्हणाला, “पन रोवण्याचा मुद्दा कायम हाये सचिव. लिहा.”

मी लिहिला. प्रत वरच्या कार्यालयाकडे गेली.

टेकचंदला त्या दिवशी काही उमगलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. वाद पुढेही तसाच चालला, तितक्याच मोठ्या आवाजात. मात्र त्या दिवसापासून टपरीवर कितीही गर्दी झाली आणि ग्लास कितीही कमी पडले, तरी बगदादला कोणी हात लावला नाही. शुक्रवारी चार वाजले की टीव्हीचा आवाज आपोआप कमी होई.

त्यानंतरचं जवळजवळ वर्षभर दसारामजींनी कसं काढलं ते मी पाहिलं. दवंडीची शेवटची ओळ बदलली होती: “आधी आचारी होऽऽ, मंग फौज होऽऽ!” एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. त्या पंधरवड्यात ते पाळीवर रोजच बसू लागले. मी एकदा वर गेलो आणि शेजारी बसलो. ते म्हणाले, “चिंच लागून राहिली यंदा.” मी म्हणालो, “हो, बरीच लागली.” एवढंच बोलणं झालं. अंधार पडायच्या आत आम्ही खाली आलो.

तिसऱ्या शुक्रवारी फोन आला. कॅम्प बंद झाला होता. ठेकेदाराने गाडी पाठवली होती. उशिरा, पण पाठवली होती.

धान कापणीच्या दिवसांत प्रदीप आला. दसारामजी महामार्गावर त्याला घ्यायला गेले आणि दोघे आठ किलोमीटर चालत आले, मधे सायकल, सायकलवर बॅग. गावात सगळ्यांना सांगितलं गेलं की कुवेतच्या हॉटेलातलं काम संपलं. प्रदीपने पंचायतीचे गंज पाहिले आणि म्हणाला, “बाबा, हे तं वाट्या हायेत.” ते त्यांनी मला दिवसभरात चार वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डफडं वाजलं. मी कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिलो.

“आयका हो आयकाऽऽ! उद्या नळाले पानी येनार नाही होऽऽ! आजच भरून ठेवा होऽऽ!”

डफडं थांबलं. गाव शेवटच्या ओळीची वाट बघत होतं. पेंढ्या बांधणारे हात थांबले. टपरीवर टेकचंद गाळणी हातात धरून उभा. समोरच्या अंगणातल्या बाईला राहवलं नाही. “अना इराक जी?”

दसारामजींनी थोडा विचार केला.

“बाकी सगळं ठीक हाये होऽऽ!”

आणि मग त्यांनी डफडं वाजवलं ते गरजेपेक्षा बराच वेळ वाजवलं.

त्यानंतर वर्षभराने, दोन हजार अकराच्या अखेरीला, फौजाही इराकमधून निघाल्या. म्हणजे आधी भांडी घासणारा घरी आला आणि मग फौज गेली. अमेरिकेने आमचा ठराव वाचला असं मानणारा एक गट गावात आजही आहे. टेकचंद त्याचा प्रमुख. रोवणा कोणी केला नाही, हे तो सोबत सांगतो, आणि त्यात तो चूक नाही.

पुढच्या फेब्रुवारीत वरच्या कार्यालयाकडून माझ्या नावे एक लखोटा आला. आत आमच्या दोन्ही ठरावांच्या प्रती परत होत्या आणि वर एक छापील पत्र. ‘आपला प्रस्ताव तपासला असता, त्यासोबत अंदाजपत्रक व जागेचा सातबारा उतारा जोडल्याचे आढळून येत नाही. सबब, त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव विनाविलंब फेरसादर करावा.’